तिसऱ्यांदा फुफ्फुसात पाणी भरलं तेव्हा: कोपरखैरण्यातल्या एका आबांची केस

घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. डॉक्टर मंडळींसाठी आहेच, पण ज्यांच्या घरात बीपीचा पेशंट आहे त्यांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून मधेमधे सोपं करून सांगेन, डॉक्टरांनी तेवढं सहन करा.

आबा, वय ६८, कोपरखैरण्यात राहतात, मूळचे पाटण तालुक्यातले. उभा जन्म माथाडी कामात गेला, आधी मुंबईत आणि मार्केट इकडे तुर्भ्याला आल्यावर कांदा-बटाटा मार्केटात. गुडघे कामातून गेलेले, बिडी चाळीस वर्षं, बीपी किमान बारा वर्षांपासून माहीत असलेलं. शुगर नाही. एप्रिल महिना, रात्रीचे पावणेतीन, मुलगा आणि सून त्यांना रिक्षातून घेऊन आले, मी ड्युटीवर होते. आमचं हॉस्पिटल छोटं आहे, आयसीयू आहे पण कॅथलॅब (अँजिओग्राफी करायची खोली) नाही.

आबा स्ट्रेचरवर झोपायलाच तयार नव्हते. पाय खाली सोडून, दोन्ही हात गादीवर टेकवून बसलेले, अंगातून थंड घाम, एक शब्द बोलायचा की एक श्वास. "झोपवू नका… बाई… मरंन मी." ऑक्सिजन ७९, श्वास मिनिटाला ३८, नाडी १२४, आणि बीपी २३६/१२८. मशीन चुकलं असेल म्हणून हाताच्या यंत्रानं दुसऱ्या हातावर घेतलं, २३०/१२६. छातीला स्टेथो लावला तर खालपासून वरपर्यंत बुडबुडे, वर शिट्टीसारखा आवाज पण. तोंडात थोडा गुलाबीसर फेस.

आमच्या आरएमओनं, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरनं, नेब्युलायझर हातात घेतलाच होता कारण फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की डिसेंबरमध्ये दम्याचा अटॅक येऊन अ‍ॅडमिट. दुसऱ्या हातात बीपी उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल, फोडून जिभेखाली द्यायला. दोन्ही थांबवलं. ही जिभेखालची कॅप्सूल अजून का जिवंत आहे कळत नाही, तिनं बीपी किती पडेल यावर कुणाचाच ताबा नसतो, धाडकन खाली आलं की मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि १९९६ पासून हे छापील सांगितलं गेलंय.

बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावला. मास्क लावताना आबा झटापट करत होते, सून समोर उभी राहून "आबा, माझ्याकडं बघा, माझ्याकडं बघा" म्हणत राहिली आणि त्या बाईमुळं मास्क टिकला हे खरं. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप, आणि इथं मी घाबरत घाबरत ५ मायक्रोग्रॅमनं सुरू करत बसले नाही, मिनिटाला ५० नं सुरू केलं आणि दर तीनचार मिनिटांनी बीपी बघत १५० पर्यंत नेलं. फ्युरोसेमाइड (लॅसिक्स, लघवीचं इंजेक्शन) ८० शिरेतून. चाळीस मिनिटांत बीपी १६८/९२, ऑक्सिजन ९५, आणि आबा एक अख्खं वाक्य बोलले. ते वाक्य म्हणजे आमच्या मास्कला दिलेली शिवी होती, ती इथं लिहीत नाही, पण आयसीयूत तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.

आता एक गोष्ट बघा. पायाला सूज नव्हती. म्हणजे अंगात खूप पाणी साठून ते हळूहळू फुफ्फुसात चढलं असं झालेलं नव्हतं, रात्री जेवून झोपले तेव्हा बरे होते आणि दीडला उठून खिडकीपाशी गेले. इतक्या झपाट्यानं पाणी भरतं तेव्हा बहुतेकदा पाणी नवीन आलेलं नसतं, आहे तेच जागा बदलतं. बीपी एवढं वाढलं की हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताच येत नाही, वर्षानुवर्षांच्या बीपीनं डाव्या बाजूची भिंत जाड आणि कडक झालेली, ती सैल पडत नाही, मग मागे फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दाब तुंबतो आणि तिथून पाणी हवेच्या फुग्यांत झिरपतं. म्हणून इथं आधी रक्तवाहिन्या सैल करायच्या, लघवीचं इंजेक्शन त्यानंतरचं. सकाळी इको केला तर पंपिंग ६०%. डिसेंबरमध्येही तेवढंच होतं, आणि तेव्हा त्यावरूनच ठरलं होतं की हार्ट चांगलंय, मग छातीचंच काहीतरी असणार. आकुंचन चांगलं होतं हो, पण सैल पडणं बिघडलेलं होतं, आणि ते त्या एका आकड्यात दिसत नाही.

बाकी रिपोर्ट असे. ईसीजीत डावी बाजू जाड झाल्याच्या खुणा, अटॅक नाही. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) किंचित वर. एक्सरेत दोन्ही बाजूंना मधोमध वटवाघळाच्या पंखांसारखं पांढरं. डोळ्याच्या पडद्यावर ज्वाळेसारखे रक्तस्राव आणि कापसासारखे ठिपके, म्हणजे हे बीपी आजकालचं नव्हतं. क्रिएटिनिन (किडनी गाळेनाशी झाली की रक्तात वाढतं ते) २.९, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) २३ च्या आसपास. पोटॅशियम ३.३.

सकाळी राउंडला सगळ्यांचं निदान एका मिनिटात झालं. जत्रेला गावी गेले होते, गोळ्यांचा डबा इथंच राहिला, दोन दिवस गोळ्या नाहीत, वर मटणाचा रस्सा आणि खारं, परत आले आणि रात्री हे. गोळ्या चुकवल्या, संपलं. मी पण मान हलवली. हे कारण डॉक्टरला फार सोयीचं असतं, त्यात आपलं काही चुकलेलं नसतं.

सून बाजूला उभी होती. म्हणाली, "मॅडम, ह्या वेळेला चुकल्या, मान्य आहे. पण मागच्या दोन्ही वेळेला एक पण गोळी चुकली नव्हती. डबा मीच भरते."

मागच्या दोन्ही वेळेला म्हणजे? तेव्हा मला डिसेंबरचंच माहीत होतं. तर ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, असंच रात्री धाप लागून दुसरीकडे अ‍ॅडमिट केलं होतं, तिथं न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिले आणि तीन दिवसांत एक्सरे साफ. डिसेंबरमध्ये आमच्याच इथं, दमा म्हणून. ती पिशवीतून कागद काढत राहिली आणि मी तिथंच खुर्ची ओढून बसले. दोन्ही वेळेला आल्याआल्या बीपी २१० च्या वर, दोन्ही वेळेला ताप नाही, दोन्ही वेळेला लॅसिक्स दिल्यावर आठ तासांत बरं. न्यूमोनियाचा एक्सरे तीन दिवसांत कोरा होत नसतो, आणि ६७ व्या वर्षी पहिल्यांदाच उगवलेला दमा बीपी २१० घेऊन येत नसतो. तिन्ही वेळेला तेच झालं होतं, फक्त दर वेळी नाव वेगळं पडलं.

मग डिसेंबरचा सोनोग्राफीचा कागद निघाला. शेवटी निष्कर्षात लिहिलेलं, फॅटी लिव्हर आणि प्रोस्टेट थोडी मोठी. वर बारीक अक्षरात, जे आम्ही कुणीच वाचत नाही तिथं, उजवी किडनी १०.४ सेंटीमीटर, डावी ८.१. दोन किडन्यांत दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या बारक्या किडनीला रक्त नीट मिळतंय का हे विचारायला हवं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. चार महिने तो आकडा आमच्याच फाइलमध्ये पडून होता.

आणि आता माझं स्वतःचं. जानेवारीत आबा माझ्याच ओपीडीत आले होते. तीन गोळ्या चालू, अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, क्लोरथॅलिडोन (ही लघवीची गोळी), तरी बीपी १७६/९८. मी चौथी गोळी जोडली, टेल्मिसार्टन ४०. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.५ वरून २.४. मी गोळी बंद केली, कागदावर लिहिलं टेल्मिसार्टन सोसत नाही, देऊ नये, आणि पुढचा पेशंट बोलावला. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.७ वर आलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. ३०% च्या वर वाढ झाली की थांबायचं हे मला पाठ होतं, पण का वाढली हे विचारायचं असतं ते मी केलं नाही. ती साइड इफेक्टची नोंद नव्हतीच, ती उत्तराची नोंद होती.

कारण असं आहे. किडनीची मुख्य धमनी अरुंद झाली की आत रक्ताचा दाब कमी पडतो, मग किडनी स्वतःच्या गाळणीतून बाहेर जाणारा नळ आवळून आतला दाब टिकवते, आणि हा नळ आवळायचं काम अँजिओटेन्सिन टू नावाचं हार्मोन करतं. टेल्मिसार्टन नेमकं त्यालाच अडवतं. नळ सैल, दाब गेला, गाळणं थांबलं, क्रिएटिनिन वर. एकच धमनी अरुंद असेल तर दुसरी किडनी सांभाळून घेते, आकडा एवढा उडत नाही. उडाला म्हणजे दोन्हीकडे अडचण, किंवा कामाची किडनी एकच उरलीय आणि तिचीच वाट बुजतेय.

बीपी का वाढतं हे सुनेला मी सोसायटीच्या पाण्यावरून सांगितलं, तुम्हालाही तसंच सांगते. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही कारण त्याच मजल्याचा पाइप आतून बुजलाय. पण वरचा माणूस ओरडतो की खाली पाणीच कमी आहे, पंप लावा. वॉचमन पंप लावतो. तरी वर येत नाही, हा परत ओरडतो, पंप बंदच होत नाही. बाकीच्या मजल्यांवर नळ फुटायची वेळ. किडनीचं ओरडणं म्हणजे रेनिन, ती रक्तात सोडते ते रसायन, पंप म्हणजे बीपी. १९३४ साली गोल्डब्लाट नावाच्या माणसानं कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चाप लावून हेच दाखवलं होतं, चाप आवळला की बीपी चढतं. दोन्ही किडन्यांच्या वाटा अरुंद असतील तर आणखी एक होतं, जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकायला निरोगी किडनीच नसते, म्हणजे पंपही चालू आणि टाकीही काठोकाठ. त्यात जत्रेतलं खारं. मग आडवं झाल्यावर पायातलं रक्त छातीकडे येतं आणि कडक हृदयाला तेवढंही झेपत नाही. म्हणून हे प्रकार रात्रीचे.

पोटॅशियम ३.३ चं पण तेच. किडनी बिघडली की पोटॅशियम वाढायला हवं, इथं कमी, कारण रेनिनमागून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पोटॅशियम लघवीत ढकलतं. पण क्लोरथॅलिडोन चालू होतं, त्यामुळे बोट तिकडे दाखवून मोकळं होता येत होतं. या केसमध्ये प्रत्येक खुणेला एक साधं कारण हजर होतं, हाच त्रास.

मग परत तपासलं, या वेळेला नीट. बेंबीच्या वर उजवीकडे स्टेथो दाबला तर सूं सूं आवाज. पायाच्या नाड्या मंद. विचारलं तर म्हणाले, नाक्यापर्यंत चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की उतरतं, "वयाचं आसंल." बिडीनं पायाच्या धमन्या बुजवल्या होत्या तशाच किडनीच्याही. आणि सुनेच्या पिशवीत खाली एक पट्टी होती, गुडघ्याची गोळी, डायक्लोफेनॅक, मेडिकलमधून आणलेली, "ही रोज नाही, दुखलं तर." दुखायचं रोज. पेनकिलर, लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन एकत्र आलं की किडनीवर तिन्हीकडून मार बसतो, जानेवारीत हे तिन्ही आबांच्या पोटात होतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट झाली. बीपी आम्ही १५०-१६० वर आणून ठेवलेलं, मुद्दामच त्याखाली नेलं नाही, खरं तर फुफ्फुसात पाणी असताना १४० च्या खाली लवकर आणा असं सांगतात पण श्वास सुधारला होता आणि किडनीची मला भीती होती. तरी लघवी कमी झाली आणि क्रिएटिनिन ३.३. म्हणजे २३० च्या दाबावर ती बुजलेली वाट कशीबशी रक्त पोचवत होती, आम्ही दाब उतरवला आणि किडनी उपाशी. बीपी सोडलं तर फुफ्फुस बुडणार, धरलं तर किडनी जाणार. गोळ्यांनी सुटणारं हे नव्हतं.

डॉपलर केला, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. उजव्या किडनीच्या धमनीच्या तोंडाशी रक्ताचा वेग सेकंदाला ३४० सेंटीमीटर, २०० च्या वर गेला तरी आपण दचकतो. डाव्या किडनीत रक्तच जवळजवळ दिसेना.

कॅथलॅब असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या कार्डिओलॉजिस्टना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, कोरल वाचलंयस ना? स्टेंट टाकून काही फरक पडत नाही." वाचलं होतं. २०१४ चा कोरल ट्रायल, ९४७ पेशंट, त्याआधी २००९ चा अ‍ॅस्ट्रल, ८०६ पेशंट, दोन्हीकडे किडनीच्या धमनीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातलेले आणि नुसत्या गोळ्यांवरचे, फारसा फरक नाही, आणि सरसकट स्टेंट टाकायची जी लाट आली होती ती त्यामुळं ओसरली, चांगलंच झालं. पण अ‍ॅस्ट्रलमध्ये घेतलेच असे पेशंट होते ज्यांना स्टेंटचा उपयोग होईल की नाही याबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच शंका होती. आबांसारखे, फुफ्फुसात वारंवार पाणी भरणारे आणि एकाच किडनीवर जगणारे, त्या आकड्यांत जवळपास नाहीतच. आणि अशांसाठी स्टेंटचा सल्ला अमेरिकन गाइडलाइनमध्ये २००५ पासून आहे. १९८८ मध्ये थॉमस पिकरिंग यांनी लॅन्सेटमध्ये असेच पेशंट मांडले होते, दोन्ही धमन्या अरुंद, पुन्हापुन्हा फुफ्फुसात पाणी, आणि वाट मोकळी केल्यावर ते थांबलेलं. २०११ मध्ये मेसर्ली वगैरेंनी या प्रकाराला पिकरिंग सिंड्रोम नाव दिलं. डॉक्टरला बघूनच ज्यांचं बीपी वाढतं त्यांच्यासाठीचा व्हाइट कोट हा शब्द रूढ करणारे पण पिकरिंगच. हे सगळं फोनवर एका दमात बोलले, मला वाटलं आता झापणार, तर ते म्हणाले, "तीन वेळा? पाठव."

अँजिओचा प्रश्न होताच, या क्रिएटिनिनला डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, किडनीला त्रास देणारं) द्यायचा म्हणजे उरलीसुरली किडनी पण पणाला. मुलाला स्पष्ट सांगितलं की यात डायलिसिस लागू शकतं, कदाचित कायमचं, आणि नाही केलं तर पुढच्या वेळेला रिक्षा वेळेवर पोचेलच असं नाही. मुलगा गप्प. आबांनीच विचारलं, "माझी एकच किडनी चालू हाय म्हंता, आन् तिचीच नळी बुजलीया. मग इचारताय काय?"

पाचव्या दिवशी झालं. डावी धमनी पूर्ण बंद, ती किडनी गेलीच होती, तिच्यासाठी काही करण्यासारखं नव्हतं. उजवीच्या तोंडाशी ९०% अडथळा. अगदी थोडा डाय वापरून एक स्टेंट. त्या रात्री बीपी १०४ पर्यंत उतरलं, सगळी ड्रिप बंद करावी लागली, आणि चोवीस तासांत लघवी ३.८ लिटर. तिथली सिस्टर मोजून वैतागली म्हणे.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.८, तीन महिन्यांनी १.६, ईजीएफआर ४७ च्या आसपास. म्हणजे किडनी नॉर्मल झाली नाही, होणारही नाही, बारा वर्षांच्या बीपीचे व्रण तसेच राहतात. बीपीच्या गोळ्या कमी होऊन दोनवर आल्या, शिवाय अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन. घरचं बीपी १३८/८० च्या आगेमागे, सून वहीत लिहिते, दोनदा घेतलेलं असेल तर दोन्ही लिहिते. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि तेल. बिडी बंद म्हणतात. दोन महिन्यांनी टेल्मिसार्टन मी परत सुरू केलं, २० पासून, सातव्या दिवशी क्रिएटिनिन बघून. १.७. हललं नाही. जानेवारीतला तो "सोसत नाही" चा कागद अजून फाइलमध्ये आहे, मी त्यावर खाली तारीख टाकून खरं कारण लिहिलंय. आता फाइल उघडली की सोनोग्राफीचा वरचा भाग आधी वाचते, निष्कर्ष नंतर, आणि आमच्या आरएमओंना पण वाचायला लावते, त्यांना कंटाळा येतो.

स्टेंटमध्ये परत अडथळा येऊ शकतो, म्हणून सहा महिन्यांनी डॉपलर केला, वेग १४०. ऑगस्ट गेला, डिसेंबर गेला, रात्रीची धाप नाही.

यंदा चैत्रात गावाहून फोन आला. गोळ्यांचा डबा बरोबर होता, सुनेनं एक जास्तीचा पण दिला होता. आबांना विचारायचं होतं की पालखीला खांदा दिला तर चालंल का. बीपी किती म्हटलं, तर १४२/८४, गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन मोजून आले होते खास. मी म्हटलं आबा, पालखीबरोबर चाला, खांदा नको. "बरं बाई" म्हणाले. मागं ढोल वाजत होते. दिला असणार खांदा.